अक्षरांवरचं आढं

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी पाणी, मग चहा, आणि त्याच्या खिशात पेन ड्राइव्ह असेल तर त्याची तपासणी. ह्यातून कोणाची सुटका नाही. माझा सख्खा भाऊ मुंबईहून लग्नाचे फोटो दाखवायला आला होता. सासूबाईंनी त्याच्या हातातून पेन ड्राइव्ह घेतला, अँटिव्हायरसला लावला आणि म्हणाल्या, "बसा हो. रिपोर्ट येईपर्यंत चहा होईल." भाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी काय सांगणार, कपाळ? जिची सगळी नोकरी सुया उकळण्यात गेली ती बाई अशीच वागणार.

सासूबाई आरोग्य खात्यात नर्स होत्या. लशीचा डबा खांद्याला अडकवून रत्नागिरी तालुक्यातली खेडी त्यांनी पायांनी मोजली. जांभ्या दगडाचे तापलेले सडे, म्हणजे उघडी पठारं, तुडवत जायचं, पोरांना टोचायचं, आयांच्या शिव्या खायच्या आणि परत यायचं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा आमच्या ह्यांनी घरात कॉम्प्युटर आणला. हे जयगडच्या बंदरात कामाला, चार दिवस तिकडे, मग घरी. आणला स्वतःसाठी, सिनेमे बघायला. पण कॉम्प्युटर आला त्या संध्याकाळी सासूबाई त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. हे बिचारे टीव्हीकडे वळले.

नर्स व्हायच्या आधी त्यांनी मराठी टायपिंगचा क्लास केला होता. नोकरी लागेल म्हणून. लागली दुसरीच. पण बोटं काही विसरली नव्हती. कोणीतरी त्यांना सांगितलं की टाईपरायटरच्या कळांसारखाच चालणारा एक जुना मराठी फॉन्ट मिळतो. तो त्यांनी कुठूनशी सीडी आणवून घालून घेतला, आणि मग काय विचारता! टकाटक टकाटक. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची तर माझं लाटणं त्यांच्या तालावर फिरायला लागायचं.

कॉम्प्युटरची निगा त्यांनी माणसासारखी ठेवली. अँटिव्हायरस म्हणजे लस, आणि लशीचा डोस चुकवायचा नाही. तो अपडेट मागायला लागला की हातातलं काम थांबायचं. कोणतीही वेबसाइट उघडायची तर आधी तिचा पत्ता चष्मा चढवून अक्षर अक्षर वाचायचा. "दारात कोण आहे ते बघितल्याशिवाय कडी काढतेस काय गो तू?" असं मला विचारायच्या. मी काढते, खरं सांगायचं तर. मध्येच स्क्रीनवर एखादी लाल पाटी नाचायला लागली, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, इथे दाबा' म्हणून, तर त्या नुसत्या हसायच्या. "मेल्या, तूच तो ताप आणि तूच डॉक्टर काय?" आणि पाटी बंद.

शेजारच्या काकू एकदा वीजबिल भरायला आमच्याकडे आल्या. सासूबाईंनी त्यांच्यासाठी कॉम्प्युटरमध्ये पाहुण्यांचं वेगळं खातं उघडून दिलं. काकूंना ती सगळी तयारी बघून मौज वाटली. म्हणाल्या, "केवढं हो हे तुमचं सोवळं!"

काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आम्ही बौद्ध. सासूबाईंच्या लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांच्या आईला लांब उभं राहावं लागायचं, कोणी वरून पाणी ओतेल तेव्हा कळशी भरायची. माझी तर जीभ सळसळली होती. मी तशी तोंडाची फटकळ, माहेरी मला त्यावरून नाव होतं. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सोवळं नाही हो काकू. सोवळं आम्ही बाहेर उभं राहून बघितलंय. सोवळ्यात माणूस बाहेर ठेवतात. मी घाण बाहेर ठेवते आणि माणूस आत घेते. बसा, तुमचा ग्राहक क्रमांक सांगा."

काकू खुर्चीत बसल्या आणि त्यांनी क्रमांक सांगितला. नंतर त्या दर महिन्याला यायला लागल्या. मला त्या दिवशी सासूबाईंचा इतका अभिमान वाटला की रात्री मी त्यांच्या ताटात तळलेल्या बांगड्याचा मधला तुकडा वाढला. त्यांना ते कळलं.

आता त्या एवढं काय टाईप करायच्या ते सांगते. लस टोचत फिरताना त्यांनी आमच्या वस्त्यांमधल्या बायकांची गाणी ऐकली होती. जात्यावरची, भात लावतानाची. धर्म बदलला त्या काळातली, विहिरीची, शाळेची, मुंबईला गिरणीत गेलेल्या नवऱ्यांची. गाणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. उरली एक, आमच्याच वस्तीत वरच्या अंगाला राहणारी मावशी. ती नात्याची नव्हे, सगळ्या वस्तीचीच मावशी. इतर बायकांची गाणीसुद्धा तिलाच पाठ. ती सकाळची उन्हं अंगणात आली की काठी टेकत आमच्याकडे यायची, कॉम्प्युटरशेजारी स्टुलावर बसायची आणि गायची. सासूबाईंची बोटं तिच्यामागून धावायची.

मी म्हटलं, "आई, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा की. एवढा आटापिटा कशाला?"

मावशीनंच मोडता घातला. "माजा आवाज त्या डबीत नको घालूस गो बाय. आवाज माज्याबरोबर जाऊं दे. शबुद तेवढे ठेव." तिला पाहिजे होता कागद. तिला वाचता येत नव्हतं, शाळेचं तोंड बघितलेलं नव्हतं. पण म्हणायची, "माजं गाणं कागदावर आलं की मी त्याच्यावरनं बोट फिरवीन. मंग मेले तरी चालंल."

म्हणून बुद्धपौर्णिमेला पुस्तक काढायचं ठरलं. वस्तीच्या विहारात, सगळ्यांसमोर, पहिली प्रत मावशीच्या हातात. पण थंडीत मावशीला दम्यानं धरलं. असं धरलं की गाणं राहिलं बाजूला, दोन शब्द बोलली की तिसऱ्याला श्वास पुरेना. अंथरुणाला खिळली. सासूबाई रोज जाऊन तिची नाडी बघून यायच्या आणि आल्या की लगेच कॉम्प्युटर लावायच्या. मावशीची शेवटची दोन गाणी अजून टाईप व्हायची होती, ती त्या आता आठवून आठवून घालणार होत्या. आता घाई झाली होती आणि ती घाई कसली होती ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

शिमग्याच्या आधी ह्यांना वाटलं की पुस्तकाची वाट कशाला बघायची, म्हातारीला आत्ताच कागद दाखवू. मन चांगलं हो माणसाचं, फक्त डोळे उघडे ठेवायची सवय नाही. जयगडच्या वाटेवर एका झेरॉक्सच्या दुकानात ह्यांनी पेन ड्राइव्ह दिला, अख्खा गठ्ठा छापून घेतला, कागदात गुंडाळला आणि परत येताना थेट मावशीच्या हातात नेऊन ठेवला. आत काय आहे ते बघायचं कोणी?

मावशीनं पान उलगडलं, बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्ये आमचं नव्हं."

"अगो मावशी, तुझीच गाणी आहेत," हे म्हणाले.

"न्हाय रे. आमच्या अक्षराला... डोक्यावर आढं असतंय. सगळी एका आढ्याला... टांगलेली. ही तर सुटी सुटी उभी हायत."

आढं म्हणजे घराच्या छपराचा सगळ्यात वरचा आडवा वासा, सगळं छप्पर त्याच्यावर तोललेलं. जन्मभर एक अक्षर न वाचलेल्या बाईनं मराठी अक्षरांवरची रेघ ओळखून ठेवली होती. ह्यांनी मग पान हातात घेतलं. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, स्वल्पविराम, सगळी एकात एक कालवलेली. ह्यांची बोबडीच वळली. धावत घरी आले ते ओरडतच, "आई, व्हायरस शिरला! सगळं पुस्तक खाल्लं!"

सासूबाईंनी फाइल उघडली तर तिथे अगदी स्वच्छ मराठी. काही झालेलं नव्हतं. पुस्तक जिथे छापायचं होतं त्या छापखान्यात फोन करून विचारलं तेव्हा तिथला माणूस हसला. म्हणाला, बाई, तुमचा फॉन्ट दुकानात नसला तर असंच येणार. पुस्तक छापायला द्याल तेव्हा फॉन्ट सोबत आणा.

फॉन्ट कुठून आणायचा? ती जुनी सीडी काढली तर तिच्यावर ओरखडेच ओरखडे. फॉन्ट आपल्याच कॉम्प्युटरमध्ये बसलेला असतो, तिथूनच उचलून देता येतो, हे आमच्या कोणाच्या गावीही नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! शिमगा होऊन गेला, शेवटची दोन गाणी घालून झाली, तशी सासूबाईंनी इंटरनेटवर शोधायला घेतलं. फुकट मराठी फॉन्ट. एक वेबसाइट उघडली. तिच्यावर हिरवी बटणं सगळीकडे, प्रत्येकावर 'डाउनलोड'. पत्ता त्यांनी वाचला. वाचून तोंड वाकडं केलं तेही मी बघितलं. फाइल उतरली तशी अँटिव्हायरसनं लाल पाटी लावली. आणि वेबसाइट सांगत होती की अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा, फॉन्टला तो उगाच अडवतो.

सासूबाई जरा थांबल्या. तेवढ्यात मावशीच्या घरून निरोप आला की आज ती दोन घोट भाताची पेज पण घेत नाही. त्यांनी हात कपाळाला लावला, मग तो खाली आणला आणि अँटिव्हायरस बंद केला.

ज्या बाईनं माझ्या सख्ख्या भावाला दारात थांबवलं, त्या बाईनं स्वतः कडी काढली. मी त्यांना दोष देत नाही. माया आंधळी असते आणि चोरांना ते पक्कं ठाऊक असतं.

थोड्या वेळानं स्क्रीनवर आपोआप खिडक्या उघडायला लागल्या. मग एकेका फाइलच्या नावाला भलतंच शेपूट फुटलं आणि ती उघडेना. गाण्यांची फाइल उघडेना. पेन ड्राइव्ह तेव्हा लावलेलाच होता, त्याच्यातली प्रतही तशीच झाली. शेवटी इंग्रजीत पाटी आली की तुमच्या फाइली आम्ही कुलपात घातल्या आहेत, किल्ली पाहिजे तर पैसे पाठवा.

मी जे तोंड सोडलं ते इथे लिहीत नाही. त्या चोराच्या सात पिढ्या मी उद्धारल्या. हे म्हणाले, देऊन टाकू पैसे. सासूबाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे उठून इंटरनेटची वायर उपटली. "आधी रोगी वेगळा," म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. मग ह्यांना म्हणाल्या, "चोराला पैसे देऊन चोर सुधारलेला ऐकलायस कुठे? द्यायचे नाहीत." आणि मग त्या स्वयंपाकघरात आल्या, पाटावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना रडताना बघितलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा. मला काय करावं कळेना. मी नुसती त्यांच्याजवळ बसले आणि पाठीवरून हात फिरवत राहिले.

डोळे पुसून त्या उठल्या आणि फोन घेऊन बसल्या. ज्याला ज्याला त्यांनी फॉन्ट मिळाला म्हणून त्या वेबसाइटचा पत्ता पाठवला होता, ज्याला पेन ड्राइव्ह दिला होता, त्या प्रत्येकाला फोन. छापखाना, टायपिंगच्या क्लासातल्या जुन्या मैत्रिणी, शेजारच्या काकूसुद्धा. प्रत्येकाला एकच वाक्य. "मी नको ते उघडलं आणि माझ्या कॉम्प्युटरला लागण झाली. मी पाठवलेलं काही उघडू नका."

मी मध्ये पडले. "अहो आई, कशाला गावभर दवंडी? एवढे नियम सगळ्यांना शिकवलेत आणि आता तुम्हीच... लोक दात काढतील."

"काढूं देत. दात त्यांचे आहेत." त्यांनी पुढचा नंबर लावता लावता मला सांगितलं, "अगो, मी जन्मभर लोकांच्या दारात जाऊन ओरडले की आजार लपवू नका. टीबी झालेल्या बायका माळ्यावर लपवून ठेवायचे, लाज वाटते म्हणून. मग घरातली पोरं खोकायला लागायची. ताप आला ह्याची लाज नाही. लपवला ह्याची लाज. आज माझ्यावर आलं तर मी गप्प बसू?"

 छापखान्यातला माणूस तोच पत्ता उघडायच्या बेतात होता, त्यांच्या फोननं त्याचा हात थांबला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये अर्ध्या रत्नागिरीच्या लग्नपत्रिका होत्या. हसले का लोक? एकदोघं हसले असतील. मला भेटले असते तर मी बघितलं असतं त्यांच्याकडे.

दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्युटर पुसून नव्यानं उभा केला. फाइली गेल्या, बाई, आशा सोडा, असं त्यानं तोंडावर सांगितलं. मग राहिलं एक काम. मावशीला सांगायचं.

ह्यांचं म्हणणं पडलं की सांगूच नका. म्हातारी आता किती दिवसांची, सुखानं जाऊ दे. मलाही तसंच वाटत होतं. पण सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर लुगडं बदलून निघाल्या. एकट्या कशा सोडणार, म्हणून मी चपला घातल्या. वरच्या अंगाला जाणारी वाट चढाची. चढताना त्या एकदाही थांबल्या नाहीत, मीच धापा टाकत होते.

मावशी उशीला टेकून बसली होती. सासूबाई तिच्या खाटेपाशी खाली जमिनीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मावशे, तुझी गाणी माझ्याकडून गेली. माझ्या हातानं गेली. कॉम्प्युटरमध्ये चोर शिरला आणि त्याला दार मी उघडलं."

 मावशीच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं आता ही बाई रडेल किंवा शिवी हासडेल. तिनं हात लांब केला आणि उशाखालून एक गठ्ठा ओढून काढला. ह्यांनी आणलेलाच तो, बिनआढ्याच्या अक्षरांचा. तिनं टाकला नव्हता. तिच्या पिढीच्या माणसांना लिहिलेला कागद टाकवत नाही, मग त्यावर काही का असेना.

"ह्ये ने," ती म्हणाली. "मला... काय उपेग. तुज्या चुलीला तरी..."

सासूबाईंनी गठ्ठा मांडीवर घेतला. पहिल्या पानाकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या डोळ्यांतलं पाणी लपवतायत. पण मग माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. गुडघ्यावर ठेवलेली बोटं हलत होती. एक वर जायचं, एक खाली, पुन्हा वर. त्या टाईप करत होत्या.

"व्ही," त्या पुटपुटल्या. "व्ही म्हणजे अ. के म्हणजे काना. बी. मोठा झेड..."

"आई, काय झालं तुम्हाला?" मी घाबरलेच.

"अगो थांब! अ, काना, आ. बी आणि मोठा झेड, ई." त्यांनी वर बघितलं. "आई! आई लिहिलंय इथे! गो, ही नुसती रद्दी नाही, ही माझी बोटं आहेत. मी ज्या कळा दाबल्या त्या ह्यानं तशाच छापल्यात!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी कळांवरच बसवलेली. फॉन्ट नसला की कळ उघडी पडते, मराठीचा अंगरखा निघून जातो. म दाबलेला असेल तिथे इंग्रजी ई, क असेल तिथे डी, र असेल तिथे जे. म्हणजे त्या सगळ्या खिचडीत एकही शीत हरवलेलं नव्हतं. ज्या गठ्ठ्यावरून मी ह्यांना महिनाभर टोमणे मारले होते, त्याच गठ्ठ्यात जवळजवळ अख्खं पुस्तक शाबूत. मी मावशीच्या घरात टाळ्या पिटल्या, काय सांगू! मावशी बघत राहिली, सुनेला वेड लागलं म्हणून.

सासूबाईंनी पुढची ओळ बोटांवर वाचली. वाचता वाचता ती चालीवर कधी गेली त्यांचं त्यांना कळलं नाही.

आई दळीते नाचणी, पीठ पडे काळं काळं
लेकीच्या गो पाटीवरी अक्षर उमटे धवळं

मावशीचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. पण ओठ शब्दाला शब्द लावून हलत होते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

पुढचे दिवस आमच्या घरात जत्राच होती म्हणा. मी गठ्ठ्यातली पानं धरायची, सासूबाई टाईप करायच्या. पण त्याआधी फॉन्ट पाहिजे होता, आणि कॉम्प्युटर पुसला तेव्हा तोही गेला होता. कुठून आला असेल तो? टायपिंगच्या क्लासातली एक मैत्रीण, तिला त्यांनी त्या दिवशी फोन केला होता, लागण झाली म्हणून सांगायला. तिचा उलट फोन आला, "अगो, तू फॉन्टसाठी एवढी फसलीस होय? माझ्याकडे ती सीडी कपाटात पडलीय." रिक्षानं स्वतः घेऊन आली. आमच्या बाईसाहेबांनी काय केलं असेल? तिला पाणी दिलं, चहा दिला आणि सीडी तपासायला लावली. मैत्रीण हसून लोटपोट झाली.

काही खुणा लागत नव्हत्या. काही जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन. तिथे सासूबाई पान घेऊन मावशीकडे जायच्या, तिथे बसतील असे दोन शब्द म्हणून दाखवायच्या, हा की हा? मावशी मान हलवायची. एकदा तिनं दोन्हीला नाही म्हटलं आणि श्वास गोळा करून तिसराच शब्द सांगितला. तोच बरोबर होता. शेवटची दोन गाणी मात्र गठ्ठ्यात नव्हती, ती छपाईनंतर टाईप केलेली. सासूबाईंना ती पुन्हा पुरती आठवेनात आणि मावशीला सांगता येईनात. ती गेली ती गेलीच. त्याचं सासूबाईंना अजून वाईट वाटतं, आणि मलाही.

बुद्धपौर्णिमेला मावशीला विहारात नेण्यासारखी तिची स्थिती नव्हती. म्हणून सकाळी पुस्तकांचा गठ्ठा छापखान्यातून आला तसा आम्ही तिघांनी आधी वरची वाट धरली. हे पुढे, प्रत हातात धरून. ह्या वेळी ह्यांनी प्रत्येक पान उघडून बघितलं होतं, मीच बघायला लावलं होतं.

मावशीला आम्ही दोघींनी धरून बसवलं. सासूबाईंनी तिच्या मांडीवर पुस्तक उघडलं. तिनं बोट उचललं, पहिल्या ओळीच्या वर ठेवलं आणि डोक्यावरच्या रेघेवरून सावकाश नेलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आढं... चढलं," ती म्हणाली.

"चढलं," सासूबाई म्हणाल्या.

"पहिली ही... कोण?"

सासूबाईंनी तिचं बोट धरून मागे आणलं आणि पहिल्या शब्दावर टेकवलं. "आई."

गाणं मावशीच्या आईचं होतं, हे मला तेव्हा कळलं. आई जात्यावर ते म्हणायची, लेकीच्या हातात पाटी यावी म्हणून. पाटी कधी आलीच नाही. लेक नाचणी दळत मोठी झाली, म्हातारी झाली आणि आता ते गाणं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्या शब्दावर बोट तसंच ठेवलं, मग तळहात ठेवला, सगळा शब्द झाकला जाईल असा.

"आय माजी... साळंच्या पडवीत पण कोनी उभी केली नव्हती गो," ती म्हणाली. श्वास घेतला, पुन्हा घेतला. आम्ही थांबलो. "आता आत बसली. हिला... नीट राख."

"राखते," सासूबाई म्हणाल्या.